पारा, काच आणि फेराइटचे मणी: संगणकाला मेमरी कशी मिळाली

भिंगवाला (धागाकर्ता)

सोळा-सतरा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडून मी एक चौकट घेतली होती. तळहाताएवढी, कडेनं सोल्डर केलेल्या तारांच्या टोकांची रांग आणि मध्ये बारीक जाळी. लांबून बघणाऱ्याला खिडकीच्या डासजाळीचा तुकडा वाटावा. तिकिटं बघायचं माझं दहापटीचं भिंग लावलं की चित्र बदलतं. जाळीच्या प्रत्येक छेदावर एक काळी कडी तिरकी उभी आहे, मोहरीपेक्षा लहान. प्रत्येक कडीतून चार तारा गेल्यात: एक आडवी, एक उभी आणि दोन सगळ्या जाळीभर फिरणाऱ्या. एकही तार दुसरीला उघडी चिकटलेली नाही. हे हाताचं काम आहे.

या रविवारी निवांत बसून मोजलं. एका बाजूला ३२, दुसऱ्या बाजूला ३२, म्हणजे १,०२४ कड्या. एका कडीत एक बिट, म्हणजे एक किंवा शून्य. आजच्या युनिकोडच्या हिशेबानं काना-मात्रा धरून मराठीची ४२ चिन्हं यात मावतील. पण या वस्तूपर्यंत पोहोचायला जगातल्या उत्तम अभियंत्यांची सात-आठ वर्षं गेली, आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

जुन्या संगणकांबद्दल बोलताना आपण वेगाचे आकडे सांगतो. वेग व्हॉल्व्हनं, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांनी, आधीच दिला होता. अडलं होतं ते मेमरीपाशी. फिलाडेल्फियाचा एनिॲक हा संगणक १९४६ च्या फेब्रुवारीत जगासमोर आला. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, दीडशे किलोवॉट वीज, सेकंदाला ५,००० बेरजा. आणि लक्षात किती ठेवायचा? दहा अंकी २० संख्या. फक्त वीस! एक संख्या धरून ठेवणाऱ्या एका ॲक्युम्युलेटरलाच जवळपास ५५० व्हॉल्व्ह लागत. आज्ञा साठवायला जागा नव्हती, म्हणून दर नव्या गणितासाठी तारा उपसून पुन्हा जोडायच्या. यंत्राच्या पोटातच आज्ञा आणि आकडे दोन्ही ठेवायचे, तर हजारो बिट स्वस्तात सांभाळणारी वस्तू हवी होती.

पहिली वस्तू पारा. युद्धात रडारवाल्यांना न हलणाऱ्या गोष्टींचे प्रतिध्वनी वजा करायचे होते, त्यासाठी सिग्नल थोडा वेळ अडवून ठेवायची युक्ती निघाली होती. नळीत पारा भरायचा, दोन्ही टोकांना क्वार्ट्झचे स्फटिक. एका टोकाला विजेचा ठोका दिला की त्याचा ध्वनी होतो, तो पाऱ्यातून सेकंदाला साधारण १,४५० मीटर वेगानं जातो आणि पलीकडचा स्फटिक त्याची पुन्हा वीज करतो. दीडेक मीटर नळीत एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जातो. तेवढ्यात मागून शेकडो ठोके रांगेनं सोडायचे आणि बाहेर पडतील तसे नीटनेटके करून पुन्हा आत ढकलायचे. शाळेतली घोकंपट्टी! म्हणणं थांबवलं की पाठ गेलं. केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक या संगणकानं ६ मे १९४९ रोजी संख्यांच्या वर्गांचा तक्ता काढून दाखवला तो याच नळ्यांच्या जोरावर. एका नळीत ५७६ बिट. अडचण दोन प्रकारची. तापमान हललं की ध्वनीचा वेग हलतो आणि सगळा ताल चुकतो. आणि हवा असलेला आकडा नळीच्या टोकाशी येईपर्यंत थांबायचं. ॲलन ट्यूरिंग यांनी पाऱ्याऐवजी जिन चालेल असं सुचवलं होतं. ते विनोदानं घेतलं जातं, पण अल्कोहोल आणि पाण्याच्या ठरावीक मिश्रणात तापमानाचा परिणाम फार कमी होतो, हे त्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे.

दुसरी वस्तू काच. मँचेस्टरला फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी रडारचाच पडदा, म्हणजे कॅथोड किरणांची नळी, मेमरीसाठी वापरली. पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की त्या जागी विद्युतभाराचा ठिपका उरतो, सेकंदाच्या लहानशा भागापुरता. पडद्याबाहेर लावलेल्या धातूच्या पत्र्यावरून तो ओळखायचा आणि पुसट व्हायच्या आत पुन्हा काढायचा. वाऱ्यात रांगोळी राखावी तसं. १९४७ च्या अखेरीस किलबर्न एका नळीत २,०४८ बिट ठेवत होते. पण खऱ्या गणिताच्या धावपळीत ते टिकतील का, हे बघायला यंत्रच हवं, म्हणून त्यांनी एक छोटं यंत्र बांधलं. ते म्हणजे मँचेस्टर बेबी, ३२ शब्द (म्हणजे एकेक आकडा किंवा आज्ञा ठेवायची घरं), प्रत्येकी ३२ बिट. २१ जून १९४८ ला त्यानं साठवलेली आज्ञावली चालवली, जगात पहिल्यांदा. दोनाचा अठरावा घात घेऊन त्याचा, तो स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधायचा. ५२ मिनिटं, सुमारे ३५ लाख क्रिया, आणि उत्तर बरोबर. मला इथं थांबावंसं वाटतं. आज ज्याला आपण संगणक म्हणतो त्याचा पहिला नमुना एका नळीची परीक्षा घ्यायला बांधला गेला होता.

तिसरी वस्तू माझ्या चौकटीतली. फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडात इतर धातूंची ऑक्साइडं मिसळून भाजलेली, चिनी मातीसारखी कडक वस्तू. कडीचं चुंबकत्व घड्याळाच्या दिशेनं किंवा उलट, एवढ्या दोनच अवस्था. खुबी अशी की अर्ध्या करंटला ती ढिम्म हलत नाही आणि पूर्ण करंट मिळाला की खटकन उलटते. आडव्या एका तारेतून अर्धा, उभ्या एका तारेतून अर्धा. ज्या एका छेदावर दोन्ही भेटतात तीच कडी उलटते, बाकीच्या जागच्या जागी. ३२ अधिक ३२ तारांत १,०२४ घरांपैकी हवं ते घर गाठता येतं. ही रचना अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या जे फॉरेस्टर यांची. १९५३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच व्हर्लविंड या संगणकात अशा ३२ गुणिले ३२ च्या जाळ्या बसल्या. यंत्राचा वेग दुप्पट झाला, आणि मेमरीच्या देखभालीला रोज चार तास जायचे तिथे आठवड्याला दोन तास पुरू लागले.

माझी जाळी कुठल्या यंत्रातली, हे सांगणारी खूण तिच्यावर नाही. कुणाकडे अशी वस्तू असेल तर जरूर लिहा.

नवशिका

काका, वाचनखूण साठवली. एक शंका. कडी वाचायची कशी? चुंबकत्व कुठल्या दिशेला आहे ते बाहेरून दिसत नाही ना?

भिंगवाला

दिसत नाही, म्हणून तिला मुद्दाम शून्याकडे ढकलायचं. आधीच शून्य असेल तर काही घडत नाही. एक असेल तर ती उलटते आणि उलटताना तिसऱ्या, जाणवेच्या तारेत बारीकसा ठोका उमटतो. म्हणजे वाचताना मजकूर पुसला जातो. लगेच परत लिहावा लागतो, त्यात चौथ्या तारेचं काम असतं. वाचून पुसलं गेलं तरी चालेल, पुन्हा लिहिता येतं, हा विचार हार्वर्डच्या आन वांग यांचा, १९४९ चा. शांघायहून आलेला तरुण भौतिकशास्त्रज्ञ. आज सोपं वाटतं, पण तोवर लोक न पुसता वाचायची वाट शोधत अडले होते.

व्हॉल्व्हसेट

धागा फार आवडला. पण व्हॉल्व्हवर एका ओळीत बोळवण केलीत, म्हणून लिहितो.

आमच्या वडिलांचं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ ही नावं मी पाढ्यांच्या आधी शिकलो. सेट लावला की तापायला अर्धा मिनिट, मग हिरवा डोळा उजळायचा आणि स्टेशन लागेल तसा मिटत जायचा. वडील पेन्सिलीच्या मागच्या रबरानं एकेक व्हॉल्व्ह हलकेच ठोकून बघत. ज्याला ठोकल्यावर स्पीकरमधून खणखण येई तो बाजूला. ते नेहमी सांगायचे की व्हॉल्व्ह चालताना मरत नाही, लावताना मरतो. गार फिलामेंटमधून, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेतून, एकदम जास्त करंट जातो, धातू झटक्यात प्रसरण पावतो आणि जोड तुटतात.

हीच गोष्ट टॉमी फ्लॉवर्स यांना ब्रिटिश टपाल खात्याच्या टेलिफोन यंत्रणेत काम करताना कळली होती. ब्लेचली पार्क या शत्रूचे गुप्त संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्रासाठी त्यांनी हजार-दीड हजार व्हॉल्व्हचं यंत्र सुचवलं तेव्हा बहुतेकांचं म्हणणं होतं की इतके व्हॉल्व्ह एका वेळी धड राहणारच नाहीत. फ्लॉवर्स म्हणाले, बंद करू नका, राहतील. पहिला कलॉसस सुमारे १,६०० व्हॉल्व्हचा, १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचलीत पोहोचला आणि जर्मन सेनापतींच्या टेलिप्रिंटर संदेशांवर कामाला लागला. युद्धानंतर गुप्ततेमुळे सत्तरच्या दशकापर्यंत या माणसाला आपण काय केलं ते कुणाला सांगता आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

एनिॲकला त्याचे मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी वेगळा उपाय केला. ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ५.७ व्होल्टच द्यायचे आणि सगळेच भाग क्षमतेच्या बरेच खाली चालवायचे. उंदरांनी तारा कुरतडू नयेत म्हणून उपाशी उंदरांपुढे वेगवेगळ्या वायरींचे तुकडे ठेवून, त्यांना न आवडलेली वायर निवडली, असा हा माणूस. तरी सुरुवातीला रोज काही ना काही जायचं, पुढे दोन दिवसांत एखादा व्हॉल्व्ह एवढ्यावर आलं.

संगणकानं व्हॉल्व्हला एक नवा आजारही दिला. रेडिओतला व्हॉल्व्ह सतत थोडाफार करंट वाहत असतो. संगणकातला मात्र तासन्‌तास ‘बंद’ अवस्थेत तापून बसलेला असतो. अशा व्हॉल्व्हच्या कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर, निकेलमधल्या सिलिकॉनमुळे, आतल्या आत एक अवरोधक थर चढायचा. मग चालू हो म्हटलं की तो नीट चालूच व्हायचा नाही. व्हर्लविंडच्या लोकांनी हे शोधून काढलं आणि संगणकासाठीच ७एके७ हा वेगळा व्हॉल्व्ह बनवून घेतला. शिवाय दुबळे व्हॉल्व्ह आधीच पकडायला ते रोज व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करून यंत्र चालवत. जो डळमळेल तो काढायचा. वाचलं तेव्हा वडिलांची पेन्सिल डोळ्यांसमोर आली.

चिकित्सक

चांगली माहिती. पण जर्मनीत कोनराड झूझेंचा झेड३ १९४१ मध्ये चालू होता, आणि अमेरिकेत आयोवाला अटानासॉफ व बेरी यांचं यंत्र १९४२ पर्यंत झालं होतं. एनिॲकपासून सुरुवात का?

भिंगवाला

झेड३ रिलेंवर, म्हणजे विजेनं उघडझाप होणाऱ्या यांत्रिक खटक्यांवर, चालायचं, मी इलेक्ट्रॉनिक भागांपुरतं बोलत होतो. अटानासॉफ यांचं नाव मात्र यायलाच हवं होतं. तुमचं बरोबर आहे, माझ्याकडून राहिलं. त्यांची मेमरी फिरत्या ढोलांवर होती. त्यांवर विजेचा भार साठवणारे कपॅसिटर, त्यातल्या भारावरून एक की शून्य ते ओळखायचं. कपॅसिटर गळतो, म्हणून दर फेरीला वाचून परत भरायचा. आज आपल्या फोनमधली डीरॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, नेमकं हेच करते, काही मिलिसेकंदांनी प्रत्येक घर वाचून पुन्हा भरते. १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयानं एनिॲकचं पेटंट रद्द केलं तेव्हा निकालात अटानासॉफ यांच्या कामाचा आधार घेतला होता.

अंत्रुजकार

गोव्याहून लिहितो. या गोष्टीत आपला एक माणूस आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गाव कोसबें. आपण त्यांना इतिहासकार म्हणून वाचतो, पण पेशानं ते गणिती. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४५ पासून होते. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला जायचे-यायचे. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची फेलोशिप घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला गेले, आणि अभ्यासाचा विषय होता गणकयंत्रं! १९४९ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रिन्स्टनच्या उच्चाध्ययन संस्थेत होते. फॉन नॉयमान यांचं यंत्र त्याच संस्थेत तेव्हा बांधलं जात होतं. भारतात एकही इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हता त्या काळात एक मराठी-कोंकणी माणूस हे सगळं जवळून बघून आला, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही.

डोंबिवलीची लोकल

@अंत्रुजकार, सुंदर माहिती. पुढचा दुवा मी जोडते.

प्रिन्स्टनच्या यंत्रासाठी आरसीए कंपनी सिलेक्ट्रॉन नावाची खास नळी बनवणार होती, एका नळीत ४,०९६ बिट. यान रायखमन यांची कल्पना. ती इतकी अवघड ठरली की शेवटी २५६ बिटांवर उतरली, तीही उशिरा. प्रिन्स्टननं वाट बघणं सोडलं आणि मँचेस्टरच्या पद्धतीच्या ४० नळ्या लावल्या, प्रत्येकीत १,०२४ बिट. शब्दाचा एकेक बिट एकेका नळीत. रायखमन यांनी हार मानली नाही. ते स्वतंत्रपणे फेराइटकडे वळले आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या पाडायचं यंत्र बदलून त्यावर कड्या दाबून काढल्या.

मुंबईत टाटा संस्थेत आर. नरसिंहन १९५४ ला आले. त्यांच्या गटानं आधी लहान नमुना यंत्र बांधलं, ते १९५६ मध्ये चाललं. मोठं यंत्र १९६० मध्ये रीतसर कामाला लागलं. त्याची रचना प्रिन्स्टनच्याच घराण्यातली, ४० बिटांचा शब्द, पण मेमरी मात्र फेराइट कड्यांची! २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर, १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाडा. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफरॅक हे नाव दिलं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याआधीच इंग्लंडहून आणलेलं एचईसी-२एम होतं, त्याची मेमरी चुंबकीय ढोलावर. ते विकत घेतलेलं, हे इथं बांधलेलं. आयातीला परकीय चलन नाही, सुट्या भागांची ददात, अशा दिवसांत मुंबईत बसून हजारो कड्यांची मेमरी चालवून दाखवणं ही फार मोठी गोष्ट होती. १९६४ ला संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि टिफरॅकचं काम संपत आलं, तरी देशातल्या संगणकवाल्यांची पहिली पिढी त्यावर शिकली.

गाठवण

मला संगणकातलं काही कळत नाही, मुलानं हा धागा वाचायला दिला. आमच्या घरात पटवेकरीचं काम आहे, मंगळसूत्र, ठुशी, पोत गाठवायचं. भिंगवाले काका, एका मण्यातून चार तारा कशा ओवल्या? दुसऱ्या दोऱ्यालाच आमच्या मण्याचं भोक भरतं. आणि मध्येच एक मणी फुटला तर?

भिंगवाला

ताई, तुमचा प्रश्न इथला सगळ्यात नेमका आहे. कड्या खाचांच्या साच्यात हलवून हलवून बसवत, प्रत्येक तिरकी उभी राहील अशी. मग इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ सुई ओळीतून आरपार घालायची, तिच्यातून तार, आणि सुई मागे ओढून घ्यायची. आडव्या-उभ्या तारांसाठी पुढे यंत्रं आली. तिसरी तार बहुतेक ठिकाणी हातानंच, सूक्ष्मदर्शकाखाली. काम करणाऱ्या जवळपास सगळ्या बायका. कारखान्यांनी शिवणकाम-विणकामाचा हात असलेल्या बायका शोधून घेतल्या. एक मणी फुटला तर तिथल्या तारा कापून, नवा मणी घालून पुन्हा जोडायच्या. जमलं नाही तर सगळी जाळी बाद.

चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या संगणकात तर आज्ञावलीच ओवलेली होती. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ३६,८६४ शब्द असे मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायकांनी ओवले. या बायकांची नावं पेटंटावर नाहीत. फॉरेस्टर, वांग, रायखमन यांची आहेत.

गाठवण

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तिरका मणी बसवला म्हणूनच दोन्हीकडून सुई जाते, सरळ ठेवला असता तर एकाच बाजूनं गेली असती.

सॅन होजेकर

इतकी वर्षं सी++ मध्ये काम करतोय. प्रोग्रॅम कोसळला की पडद्यावर ‘कोअर डंप’ येतं, रोज येतं. हा कोअर म्हणजे ही कडी, हे आज उमगलं. सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला तीन वेळा आकृती काढून कळलं.

भर घालतो. कडीचं राज्य संपवलं ते इंटेलच्या ११०३ चिपनं, १९७० मध्ये. त्या चिपमध्ये किती बिट होते? १,०२४. म्हणजे काकांच्या तळहातावरची अख्खी जाळी नखाहून लहान तुकड्यात. मात्र वीज गेली की ११०३ मधलं सगळं जायचं. कडी वर्षानुवर्षं धरून ठेवते.

नवशिका

म्हणजे काकांच्या जाळीत शेवटचं लिहिलेलं अजून असेल?

भिंगवाला

@नवशिका, तुझ्या या प्रश्नानं दोन दिवस झोपू दिलं नाही. काल रात्री मित्राकडून ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेचे ठोके पडद्यावर दाखवणारं यंत्र, आणला. उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. आडव्या तारेत आणि उभ्या तारेत थोडा थोडा वाढवत प्रत्येकी ४०० मिलिअँपिअरपर्यंत गेलो, दोन्ही ठोके एकाच क्षणी. पहिल्या दोन कड्या गप्प. तिसऱ्या कडीला जाणवेच्या तारेवर टोकदार उंचवटा आला, जेमतेम काही दहा मिलिव्होल्टचा. तीच कडी लगेच पुन्हा वाचली. सपाट रेघ. पहिल्या वाचण्यातच ती पुसली होती.

मग मी थांबलो. उरलेल्या कड्या आता अशाच वाचणार नाही. आधी प्रत्येक कडीचं उत्तर आपोआप नोंदून लगेच परत लिहील असं सर्किट बनवतोय. @व्हॉल्व्हसेट, तुम्ही पुण्यात येणार असाल तर पासोड्या विठोबाजवळून थोडे ट्रान्झिस्टर घ्यायचे आहेत, बरोबर या.

व्हॉल्व्हसेट

शनिवारी सकाळी येतो. तोवर उरलेल्या कड्यांना हात लावू नका, मला बघायचंय.